पाटीखालचं रान

१

अनसूयाबाईंनी तणनाशक प्यायलं ही बातमी सकाळी भरे गावात पसरली, तेव्हा "वाचेल का" असं कुणी विचारलं नाही. जो तो एकच विचारत होता, "आजच सुचलं का तिला?"

त्या दिवशी दुपारी तपासणी होती. गावातल्या शेतकऱ्यांनी सेंद्रिय शेतीचा गट केला होता. रासायनिक खत नाही, फवारणी नाही, आणि त्याबद्दल सरकारचं अनुदान. दोन हप्ते येऊन खर्चूनही झाले होते. तिसरा, सगळ्यांत मोठा, या तपासणीवर अडकला होता. नियम असा की गटातल्या एकाच्याही रानात रसायन सापडलं, तर सगळ्या गटाचा हप्ता बंद. त्यामुळे स्वतःच्या रानापेक्षा शेजाऱ्याच्या रानावर प्रत्येकाचा डोळा जास्त असे.

फौजदार उझमा तांबोळी इस्पितळात पोचली तेव्हा अनसूयाबाई शुद्धीवर होत्या. ओठ सुजून काळे पडले होते. जीभ सोलल्यासारखी झाली होती.

"बोलता येणार नाही," डॉक्टरांनी व्हरांड्यात सांगितलं. "कळतंय मात्र सगळं. या औषधाचं तेच वाईट आहे. माणूस लगेच जात नाही. फुप्फुसं हळूहळू बसत जातात आणि शुद्ध शेवटपर्यंत राहते."

"काही उपाय?"

"नातेवाइकांना बोलावून घ्या."

नातेवाईक आलेलाच होता. सिद्धनाथ, अनसूयाबाईंच्या धाकट्या दिराचा मुलगा. मारुंजीत भाड्याच्या खोल्या आणि दोन टेम्पो, अंगात इस्त्रीचा शर्ट. खाटेशी बसून तो चमच्यानं पाणी पाजत होता. चमचा ओठांशी आला की म्हातारी तोंड फिरवत होती. पाणी उशीवर सांडत होतं आणि तो न चिडता पुन्हा चमचा भरत होता.

"लाज वाटतेय तिला, मॅडम," तो म्हणाला. "काल संध्याकाळी फोनवर रडली. सिद्धा, मी चुकले, म्हणाली. मजूर मिळेना म्हणून गवतावर औषध मारलं, उद्या साहेब येणार, सगळ्या गावाचे पैसे माझ्यामुळे जाणार. मी म्हटलं, मोठी आई, टेन्शन घेऊ नको, सकाळी येतो. सकाळी ही बातमी."

"कुठे मारलं म्हणाल्या?"

"आमच्या रानातच. रस्त्यापासून दुसरं खाचर. तिच्या नावाची पाटी आहे बघा."

खाटेवरून आवाज आला. घोगरा, चिरका, माणसाचा वाटू नये असा. अनसूयाबाईंचे डोळे विस्फारले होते आणि सलाईन लावलेला हात लोखंडी कठड्यावर आपटत होता.

"अनसूयाबाई, तुम्ही स्वतः घेतलंत का?" उझमानं वाकून विचारलं.

मान हलली. नाही म्हणून हलली की कळ आली म्हणून, ते कळलं नाही. सिद्धनाथनं तिचा हात धरला, थोपटला, आणि सोडला नाही.

"कोण कबूल करतं, मॅडम?"

उझमानं तो आवाज पश्चात्तापाचा धरला. बाहेर पडताना तिनं मागे वळून पाहिलं. तोंड पुसायला आलेल्या नर्सनं त्याच पेल्यातून, त्याच चमच्यानं पाणी पाजलं, आणि म्हातारीनं दुखऱ्या घशानं ते गिळलं.

२

भऱ्यात ती पोचली तोवर तपासणी आटोपली होती. म्हणजे मोडली होती. साहेब लोक आले, गटाच्या अध्यक्षाच्या रानातून मातीचा नमुना घेतला आणि बांधावर चढले, तर पलीकडच्या खाचरात रुंद पट्टाच्या पट्टा करपलेला. भात निघून गेल्यावर उगवलेलं हिरवं गवत आजूबाजूला डुलत होतं आणि मधे ही पिवळी जखम. तिच्या डोक्याशी गटाची पाटी: सेंद्रिय शेती, श्रीमती अनसूया. साहेबांनी पाटी वाचली, सगळ्यांचे हप्ते थांबवले आणि चहा न घेता निघून गेले.

अनसूयाबाईंच्या दाराला कुणीतरी चपलांची माळ अडकवली होती. अंगणातली तुळस उपटून टाकली होती. इस्पितळात मरायला टेकलेल्या बाईला भेटायला गावातून अजून एकही माणूस गेला नव्हता.

गटाचा अध्यक्ष धनाजी बांधावर डोकं धरून बसला होता.

"हे रान अनसूयाबाईंचंच?" उझमानं विचारलं.

धनाजीनं क्षणभर पाटीकडे बघितलं. "पाटी हाय की, मॅडम."

"तुमचं कोणतं?"

"ह्ये अलीकडचं. रस्त्याकडंचं." तिथेही पाटी होती, धनाजीच्या नावाची. त्या खाचराच्या कोपऱ्यात जाळीच्या कुंपणात मेंढ्या दाटीवाटीनं बसल्या होत्या.

"त्यांच्याशी भांडण होतं तुमचं?"

"कुनाचं नव्हतं? लई तोंडाळ बाई. पर पोट मारलं तिनं आमचं. मरायचंच हुतं तर हप्ता जमा झाल्यावर मरायचं."

हे बोलताना त्याला लाज वाटली नाही. जवळ उभ्या असलेल्या चौघांनी माना डोलावल्या.

मेंढरं चिमाबाईची होती. धनगराची बाई; दरवर्षी दिवाळीनंतर कळप कोकणात उतरवताना ती भऱ्यात थांबायची. रिकाम्या रानात मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचं खत रानाला, त्या बदल्यात धान्य, असा रिवाज. सकाळी दूध घेऊन अनसूयाबाईंकडे तीच गेली होती. तिनंच त्यांना लोळताना पाहिलं आणि दुधाच्या गाडीत घालून इस्पितळात नेलं.

"तुम्ही त्यांच्या रानाजवळच होतात," उझमा म्हणाली. "फवारताना त्यांना पाहिलंत?"

"म्हातारीच्या रानात कुनीबी फवारलं न्हाई."

"करपलेलं दिसतंय समोर."

"दिसंना का. म्हातारीच्या रानात कुनी औशिद मारलं न्हाई. मारलं असतं तर मी मेंढरं ठिवली असती व्हय? दीस बुडताना एक गडी पाठीला पंप लावून फिरत हुता, पर त्यो तिकडं, धनाजीच्या रानात. मला वाटलं धनाजीच असंल."

"तोंड बघितलं?"

"पाठ हुती माझ्याकडं."

धनाजी ताडकन उठला. "खोटं बोलती! माझ्या रानात फवारा? हिनंच काल म्हातारीच्या घरी चहा पिला, मॅडम. हिला इचारा चहात काय हुतं!"

उझमानं धनाजीच्या पाटीखालचं खाचर नीट पाहिलं. हिरवंगार होतं. फवाऱ्याचा मागमूस नव्हता. म्हणजे चिमाबाई धडधडीत खोटं बोलत होती, आणि म्हातारीच्या घरात शेवटी गेलेलं बाहेरचं माणूस तीच होती.

३

सोनाली ही गटाची समन्वयक. कृषी पदवीधर, कंत्राटी नोकरी, गट पास झाला तरच पुढच्या वर्षीचं कंत्राट. ती ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मोबाईल हातात घेऊन बसली होती आणि कुणाचाही फोन उचलत नव्हती.

"त्यांना एक रुपयासुद्धा मिळाला नव्हता," ती एकदम म्हणाली. उझमानं तसं काही विचारलंही नव्हतं.

"कुणाला?"

"अनसूयाबाईंना. अनुदान सातबाऱ्यावर नाव असेल त्यालाच मिळतं. नवरा गेल्यावर बाईंचं नाव चढवलंच नाही कुणी. जमीन दिराच्या नावावर, दिरानंतर सिद्धनाथच्या. राबायच्या या, पैसे त्याला. दोन्ही हप्ते मारुंजीला गेले. बाईंना वाटायचं, सरकारकडूनच उशीर होतोय. परवा मीच त्यांना सांगितलं." ती थांबली. "सांगायला नको होतं."

"मग?"

"भडकल्या. म्हणाल्या, साहेब येऊ देत, त्यांच्यासमोर सगळं बोलते. नाव लावून घेतल्याशिवाय गप्प बसत नाही."

"सगळं म्हणजे काय?"

सोनालीनं मोबाईलचा पडदा ओढणीनं उगाच पुसला. "हेच. पैशांचं."

"आणि करपलेलं खाचर? त्यांचंच ना?"

"पाटी आहे ना तिथे," सोनाली मोबाईलकडे बघत म्हणाली.

उझमानं हिशेब मांडला. म्हातारी साहेबांसमोर तोंड उघडणार होती. ते तोंड आदल्या संध्याकाळी जळलं. सिद्धनाथला ते उघडायला नको होतं, कारण नाव चढलं की जमीन अडकणार. ती जमीन बंगल्यांच्या प्लॉटसाठी द्यायचं त्याचं एका एजंटाशी कागदावर ठरलं होतं, हेही सोनालीकडूनच कळलं. मोजणी तेवढी राहिली होती, कारण मोजणीवाल्यांवर म्हातारी कोयता घेऊन धावली होती. पण धनाजी आणि सोनालीही काहीतरी गिळत होते. आणि चिमाबाई खोटं बोलत होती.

सिद्धनाथचा फोन खरोखरच झाला होता, एवढं तपासून झालं होतं. काय बोलणं झालं, ते सांगू शकणारी एकटीच होती, आणि तिला जीभ उरली नव्हती.

इतक्यात रानाकडून आरडाओरडा ऐकू आला.

गावातल्या पोरांनी मेंढ्यांची जाळी फाडली होती. एक कोकरू पायाखाली तुडवलं गेलं होतं. काठ्या घेतलेल्या माणसांच्या गराड्यात चिमाबाई उभी होती आणि धनाजीचा भाऊ ओरडत होता, "हिनं घातलं इख! हिला न्या, न्हाईतर आमी बघतो!"

उझमा मधे घुसली. "मेंढ्या बाहेर काढा. चिमाबाई, तुम्ही चौकीवर चला. धनाजीच्या रानात कळप बसवलात आणि…"

"कुनाच्या रानात?"

"धनाजीच्या."

चिमाबाईनं मेलेलं कोकरू उचलून खांद्यावर टाकलं. एवढ्या गराड्यातही तिच्या तोंडावर कीव उमटली.

"तू पोलीस हायेस का पाट्या वाचनारी मास्तरीन? म्हातारीनं बोलिवलं म्हनून मी आले, म्हातारीच्याच रानात बसले. दर सालाला हितंच बसती. धनाजीचं ते पल्याड, करपलेलं."

काठ्या हवेतच थांबल्या. त्या गराड्यातल्या एकाही माणसानं तिला खोटं पाडलं नाही. सगळे पायांकडे बघू लागले.

४

धनाजीला तिनं गाडीत बसवलं आणि काचा वर केल्या.

"पाटी कधी हलवली?"

"मॅडम, गावाचं नुस्कान…"

"माणूस मरतंय, धनाजी."

तो रडला, पण म्हातारीसाठी नाही. "परवा यादी आली, औंदा माझं नाव नमुन्याला निघालं. माझ्या रानात युरिया पडलाय, खोटं कशाला बोलू? सगळ्यांच्याच पडलाय. गावात चोख रान एकच, म्हातारीचं. तिनं मूठभर खत टाकलं न्हाई का औशिद मारलं न्हाई. मग नाव ज्याचं निघंल, त्याची पाटी आदल्या दिसाला तिच्या रानात न्यायची. नमुना तिथला. तिची पाटी दुसऱ्याच्या रानात. दोन वर्सं असंच केलं."

"त्यांना ठाऊक होतं?"

"पयल्या साली न्हवतं. मंग कळलं. म्हनायची, माझ्या मातीवर खाताय, खावा. नाव तेवढं लावून द्या माझं. तेच सायबाला सांगनार हुती."

"काल पाट्या कधी बदलल्या?"

"दुपारी. ती घरी जेवायला गेली तवा. पुन्यांदा काय ती रानाकडं आली न्हाई, खोकला वाढला हुता. आज सायब गेल्यावर जागच्या जागी लावनार हुतो, पर ह्यो राडा झाला."

म्हणजे उझमानंही दिवसभर पाटीच वाचली होती. साहेबांनी वाचली तशीच. आणि आणखी एका माणसानं वाचली होती.

तिनं गाडी सुरू केली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती त्या पिवळ्या पट्ट्याकडे बघत बसली. पट्टा कशासाठी होता ते उघड होतं. म्हातारीनं चोरून फवारलं, घाबरली, प्यायली, अशी गोष्ट रचायला फवारलेलं रान हवं होतं. पण फवारणारा धनाजी नव्हता. तपासणीच्या आदल्या दिवशी, जिथून नमुना घ्यायचा त्याच्याच बांधाला लागून, सगळ्यांचा हप्ता बुडेल असा पट्टा तो जाळणार नाही. सोनालीही नाही. कंत्राट त्या हिरव्या गवतावर टांगलेलं असताना ती तिथे काडी ओढणार नव्हती. चिमाबाईला वाचता येत नव्हतं, आणि रान तर ती मेंढ्यांइतकंच ओळखत होती. गावातल्या कुणालाही म्हातारीचं रान शोधायला पाटी लागत नव्हती.

पाटी लागली ती अशा माणसाला, ज्याच्या नावावर जमीन होती आणि ज्याचे पाय त्या चिखलाला कधी लागले नव्हते.

मग तिला सिद्धनाथचं सकाळचं वाक्य आठवलं. तिनं लिहून घेतलेल्या जबाबात ते शब्दाला शब्द उतरलं होतं. म्हातारीचा तो आवाजही आठवला. कठड्यावर आपटणारा हातही. आणि त्या हाताला धरून बसलेला माणूस अजून तिथेच होता, चमचा घेऊन.

५

सिद्धनाथ खाटेशीच होता. म्हातारीचा हात धरून, तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता. उझमाला पाहून सरळ झाला.

"काय सांगत होता?"

"धीर देत होतो, मॅडम."

नर्सनं हळूच सांगितलं, "दिवसभर तेच चाललंय. रान जळलं म्हणतात. गाव थुंकतंय म्हणतात. पिंडाला कावळा शिवणार नाही म्हणतात."

उझमानं स्टूल ओढलं आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसली. म्हातारीला दोघंही दिसत होते.

"सिद्धनाथ, काल गावात गेला होतात?"

"नाही. दिवाळीला गेलो होतो, तेही घरापर्यंतच. म्हटलं ना, फोनवर सांगितलं तिनं."

"काय सांगितलं? सकाळी बोललात तसंच सांगा."

"रानात औषध मारलं. रस्त्यापासून दुसऱ्या खाचरात."

"दुसरं, असं त्याच म्हणाल्या?"

"हो. मला कुठून माहीत असणार? आपण कधी शेतात उतरलोच नाही." तो हसला. "मी सिटीतला माणूस."

"यांचं रान रस्त्यापासून पहिलं आहे."

तो हसतच राहिला. हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

"दुसरं धनाजीचं. तिथे यांची पाटी काल दुपारनंतर लागली, आणि यांना त्याचा पत्ताही नव्हता. चाळीस वर्षं ज्या रानात कंबर मोडली, ते रान ही बाई फोनवर चुकीचं सांगेल? हे चुकीचं रान एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, सिद्धनाथ. पाटीवर. ती वाचायला काल संध्याकाळी तिथे उभं राहावं लागत होतं."

"गावातल्या कुणीतरी सांगितलं असेल मला. सगळे बोलतायत करपलेल्या रानाचं."

"दुपारपासून बोलतायत. तुम्ही मला सकाळी सांगितलंत, साहेब बांधावर चढायच्या आधी."

 सिद्धनाथनं तिचा हात सोडला. त्या दिवसात पहिल्यांदाच.

"अनसूयाबाई," उझमा म्हणाली, "खोकल्याचं औषध म्हणून यानं दिलं का? हो असेल तर माझं बोट दाबा."

बोट दाबलं गेलं. त्या हातात एवढं बळ शिल्लक असेल असं डॉक्टरांनाही वाटलं नसतं.

"घटाघटा पी म्हणालो," सिद्धनाथ भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाला. "मला वाटलं लगेच जाईल. हे असं राहील माहीत नव्हतं." मग चिडून, खरोखर अन्याय झाल्यासारखं, "जमीन माझीच आहे! माझ्या नावावर आहे! हिला किती वेळा म्हटलं, खोली देतो मारुंजीत, फॅन आहे, नळ आहे, ये राहायला. नाही म्हणजे नाही. त्या चिखलात काय ठेवलंय?"

हवालदारानं त्याला नेलं. खाली उभ्या असलेल्या त्याच्या टेम्पोत ताडपत्रीखाली पाठीवरचा पंप सापडला. नळीत तेच औषध उरलं होतं.

उझमा पुन्हा खाटेशी आली. जे पाहिलं होतं तेच ती बोलली.

"तुमचं रान हिरवं आहे. चिमाबाईची मेंढरं बसलीयत. करपलं ते धनाजीचं. तुमच्या रानात थेंबही पडलेला नाही."

म्हातारी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. खरं बोलतेय की आणखी एक जण खेळवतोय, हे पारखत असावी. मग तिनं सोललेले ओठ उघडले. उझमानं चमचा भरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. तोवर शुद्धीत होत्या, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. अंत्यविधीला गावातून धनाजी तेवढा आला, आणि तोही जबाबात त्याचं नाव कसं आलंय ते विचारायला. चिमाबाई कळप घेऊन घाट उतरून गेली होती. मेलेलं कोकरू तिनं म्हातारीच्या बांधाला पुरलं होतं.

६

गट रद्द झाला. सोनालीचं कंत्राट गेलं. पाट्या उपटून, नकाशा बघून, प्रत्येक खाचराचा नमुना नव्यानं घेतला गेला, आणि एक सोडून सगळे नापास झाले.

पावसाळ्याच्या तोंडाला चौकीवर फोन आला. अनुदान वाटणाऱ्या कार्यालयातून कुणीतरी बोलत होता, उत्साही, नवीनच लागलेला वाटावा असा.

"मॅडम, तुमच्या केसमधलं ते एक रान शंभर टक्के सेंद्रिय निघालं. गट रद्द झाला तरी चोख निघालेल्या रानापुरता हप्ता देता येतो. तिसरा हप्ता मंजूर झाला, कालच जमा केला. म्हटलं तुम्हाला आनंद होईल."

"कुणाच्या खात्यावर?"

"सातबाऱ्यावर आहे त्याच्या." कागद चाळल्याचा आवाज. "सिद्धनाथ."

"तो तुरुंगात आहे. त्याच बाईच्या खुनासाठी."

पुन्हा कागद चाळल्याचा आवाज आला.

"पण खातं चालू आहे, मॅडम."

पुढच्या तारखेला सिद्धनाथच्या बाजूनं नवा वकील उभा राहिला. पुण्यातला होता, नावाजलेला, महागडा. जामिनाच्या अर्जात त्यानं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की अर्जदार हा शासनमान्य सेंद्रिय शेतकरी असून त्याच्या जमिनीत विषारी रसायनाचा अंशही आढळलेला नाही.